अँब्युलन्सच्या मागच्या भागात बसणाऱ्याचं शिक्षण नेमकं कुणाच्या खात्यात येतं? - एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण
मा. मंत्री, कौशल्य विकास
आणि राज्यात ईएमटीचे (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचे) कोर्स चालवणारे सगळे संस्थाचालक

सप्रेम नमस्कार,

तीन मंत्र्यांना मिळून एकच पत्र लिहितोय कारण नेमकं कुणाला लिहायचं तेच मला दोन वर्षांत कळलेलं नाही. आरोग्यवाले म्हणतात कोर्स आमचा नाही, वैद्यकीय शिक्षणवाले म्हणतात हा स्किलचा विषय आहे, स्किलवाले म्हणतात आम्ही सर्टिफिकेट देतो नोकरीचं आरोग्याला विचारा. म्हणून तिघांना लिहिलं, आणि उघड लिहिलं, म्हणजे बाकीच्यांनाही वाचता येईल.

निमित्त साधं आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, एसटी स्टँडसमोर लागलेल्या फ्लेक्सचा. 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, एक वर्षाचा डिप्लोमा, १००% जॉब गॅरंटी, सरकारी अँब्युलन्सवर संधी, मोजक्याच जागा शिल्लक.' खाली हेल्मेट घातलेला एक गोरा माणूस आणि फॉरेनची पिवळी अँब्युलन्स. मुलगी बारावी सायन्स झालीय, ५८ टक्के, नीटमध्ये काही झालं नाही. तिने खाली लिहिलं होतं, "दादा घेऊ का ॲडमिशन? तुम्ही पण हेच केलंय ना?"

हो, मी पण हेच केलंय. आणि मला तिला हो पण म्हणता आलं नाही, नाही पण म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ईएमटी म्हणजे घटना घडली तिथपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत पेशंटला सांभाळणारा माणूस. ॲक्सिडेंट, हार्ट अटॅक, साप चावला, विष घेतलं, रस्त्यातच बाळंतपण झालं, हे सगळं. डॉक्टर नाही, नर्स नाही, ड्रायव्हर तर नाहीच. माझ्या आईला हे अजून नीट सांगता आलेलं नाही, ती पाहुण्यांना सांगते "पोरगा अँब्युलन्सवर आहे" आणि पाहुणे विचारतात "लायसन हेवीचं आहे का?" आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटलं की लॅबवाला, एक्सरेवाला, ओटीवाला सगळे एका पिशवीत. इंग्लंडमध्ये 'पॅरामेडिक' हे नाव कायद्याने राखीव आहे, रजिस्ट्रेशन नसताना स्वतःला तसं म्हणवलं तर गुन्हा होतो. आपल्याकडे कुणीही जॅकेट शिवून मागे छापून घेऊ शकतो. मीच शिवून घेतलंय, साडेसातशे रुपयांत, कारण कंपनीने दिलं नाही.

माझा या सगळ्याशी संबंध कसा आला ते सांगतो. मी सिंदखेड राजा तालुक्यातला. १ जुलै २०२३ ला पहाटे समृद्धी महामार्गावर आमच्या तालुक्याच्या हद्दीत ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या आगीत ईएमटी असता तर माणसं वाचली असती असं मी अजिबात म्हणत नाही, तसं कुणी म्हणू पण नये. पण त्यानंतर आमच्याकडे गावोगाव एकच चर्चा होती, ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला, गाड्या १२० ने पळणार, आता रस्त्यावर माणूस पडला तर त्याला उचलणार कोण आणि उचलायचं कसं हे कुणाला येतं. मी तेव्हा बीएस्सी अर्धवट सोडून घरी बसलेलो. एक फ्लेक्स मलाही दिसला. बाबांनी पतसंस्थेतून पैसे काढले, ६५ हजार फी, शिवाय रूम आणि मेस. जिल्ह्याच्या बाहेरची संस्था, नाव घेत नाही कारण प्रश्न एका संस्थेचा नाही, तशा ढिगाने आहेत.

आता तक्रारी. क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो पण सगळ्या सारख्या मोठ्या नाहीत.

पहिली तक्रार शिकवण्याची. आम्ही बॅचला ४२ जण आणि सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून श्वास द्यायचा सराव करायचा, पुतळा एक. त्या पुतळ्याची स्प्रिंग गेलेली. नीट दाबलं की 'क्लिक' असा आवाज यायला पाहिजे तो येतच नव्हता, त्यामुळे पाच सेंटिमीटर दाबलं गेलं का तीन, कुणालाच कळायचं नाही. सर म्हणायचे अंदाजाने घ्या. मिनिटाला १०० ते १२० चा वेग, ३० वेळा दाबायचं मग दोन श्वास, हे आम्हाला पाठ होतं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले. प्रत्यक्षात वर्षभरात माझ्या वाट्याला पुतळ्यावर किती वेळ आला असेल तर सगळा मिळून पंधरा मिनिटं, जास्त नाही. गळ्याच्या कडेला बोटं नेऊन नाडी कशी शोधायची ते एकमेकांच्या मानेवर शिकलो, तो एक तास मात्र छान होता, सगळे जिवंत निघाले.

संस्थेची अँब्युलन्स होती. माहितीपत्रकात तिचा फोटो पण होता. जुनी ओम्नी, आत स्ट्रेचर नाही, आणि ती बहुतेक वेळ ॲडमिशनचे फ्लेक्स लावायला फिरायची. चालत्या गाडीत एकदाही प्रॅक्टिकल झालं नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. जमिनीवर गुडघे टेकून छाती दाबणं वेगळं आणि खड्ड्यात आपटणाऱ्या गाडीत, एका हाताने वरचा दांडा धरून, पायलटने ब्रेक मारला की पेशंटवर पडता पडता दाबणं वेगळं. (पायलट म्हणजे ड्रायव्हर, आमच्यात तसंच म्हणतात.) पहिल्या ड्युटीला मी चालत्या गाडीत बीपी बघायला गेलो आणि इंजिनच्या आवाजात स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येईना. पाच मिनिटं घामाघूम झालो. मग पायलटकाका म्हणाले, अरे नाडीवर बोट ठेव, पट्टा फुगव, नाडी बंद पडली की आकडा बघ, वरचा आकडा तर मिळेल. झालं. हे पुस्तकात असेल पण, मला ज्याने शिकवलं तो दहावी नापास माणूस आहे.

याच काकांची दुसरी गोष्ट सांगतो कारण ती मला विसरता येत नाही. रात्री साडेअकराला शिफ्टिंग निघालं, म्हणजे पेशंट मोठ्या हॉस्पिटलला हलवायचा, आमच्या तालुक्यातून संभाजीनगर, साधारण ९५ किलोमीटर, म्हातारे गृहस्थ, न्यूमोनिया, ऑक्सिजन मिनिटाला १० लिटर चालू. मी सिलेंडरचा काटा बघितला, निम्म्यावर. निम्मा आहे म्हणजे भरपूर आहे असं वाटून मी निश्चिंत. काकांनी गाडी चालू करायच्या आधी मागे येऊन विचारलं, कितीवर चालू आहे? दहा. मग गणित कर. मला गणितच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, हा बी टाईप सिलेंडर, फुल असेल तर धरून चाल दीड हजार लिटर. निम्मा म्हणजे साडेसातशे. भागिले दहा, पंच्याहत्तर मिनिटं. आणि संभाजीनगर किती? दोन तास. मला अक्षरशः पोटात खड्डा पडला. दुसरा सिलेंडर रिकामाच होता, दुपारच्या शिफ्टने बदललेला नव्हता. काकांनी फोनाफोनी केली, जालन्यात एका ओळखीच्या ठिकाणी गाडी थांबवली, सिलेंडर बदलला, पान्याने नट आवळताना माझे हात थरथरत होते, नातेवाईक बाहेर येऊन विचारतायत काय झालं डॉक्टर. मी डॉक्टर नाही हे सांगायची ती वेळ नव्हती. पेशंट पोचले, पुढे बरे होऊन घरी पण गेले असं कळलं.

पंच्याहत्तर मिनिटांचं हे गणित पाचवीतल्या पोराला येईल असं आहे. पण एक वर्षाच्या डिप्लोमात ते कुणी घालून घेतलं नाही. काका नसते तर मी बदनापूरच्या पुढे कुठेतरी अंधारात हातात रिकामा मास्क घेऊन बसलो असतो. मग छापून आलं असतं 'अँब्युलन्समधील ऑक्सिजन संपल्याने', आणि ते खरंच असतं.

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाची, म्हणजे काय शिकवतात याची. आमच्या नोट्स कुठल्यातरी अमेरिकन पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. त्यात बर्फात बोटं गोठली तर काय करायचं यावर आख्खं प्रकरण. बुलढाण्यात! आणि साप? अर्धं पान, तेही रॅटलस्नेकवर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवर आपली लस चालते, जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही आणि लस असलेल्या दवाखान्याला फोन करून मगच तिकडे निघायचं, हे मी नोकरीला लागल्यावर ग्रामीण रुग्णालयाच्या एका सिस्टरकडून शिकलो. विंचवाचं पण तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम केलं, ते जगभर गेलं, आणि महाराष्ट्रात ईएमटी होणाऱ्या पोराला विंचवाचा 'व' शिकवत नाहीत.

फवारणीचं तर विचारू नका. आमचा भाग सोयाबीन-कपाशीचा. यवतमाळला २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर गेले, राज्यभर गाजलं होतं. आमच्याकडे दर पावसाळ्यात अशा केसेस असतात, शिवाय मुद्दाम घेतलेल्या. तोंडाला फेस, लाळ, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अशा पेशंटचे कपडे आधी काढायचे, अंग धुवायचं, आणि स्वतः ग्लोव्ह्ज घालायचे, कारण ते औषध आपल्याही कातडीतून आत जातं. मला हे माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या फवारणीच्या केसला मी उघड्या हातांनी पेशंट उचलला, बंद गाडीत चाळीस मिनिटं बसलो आणि खाली उतरल्यावर दोन वेळा उलटी केली. घरी सांगितलं बाहेरचं खाल्लं म्हणून.

तिसरी तक्रार इंटर्नशिपची. तीन महिने एका मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. त्यातले अडीच महिने आम्ही फुकटचे वॉर्डबॉय होतो, सॅम्पल लॅबला नेणं, ट्रॉली ढकलणं, फाईली लावणं, एकदा तर एका मॅडमच्या गाडीचं टायर बदललं. लॉगबुकमध्ये मात्र '२० सुया लावल्या, ५ प्रसूती पाहिल्या' असं एका बैठकीत भरून घेतलं आणि सही झाली. शेवटचे पंधरा दिवस नाईटला एक सीएमओ सर (कॅज्युअल्टीचे डॉक्टर) भेटले, त्यांनी हाताला धरून शिकवलं, अंबू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा, मास्क चेहऱ्यावर कसा बसवायचा, जबडा कसा वर उचलायचा. त्या पंधरा रात्री आणि नंतर आषाढी वारीत एका आरोग्य कॅम्पवर स्वतःहून जाऊन केलेले तीन दिवस, माझं खरं शिक्षण तेवढंच. वारीत एक माउली रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या कलंडल्या, सगळे म्हणाले ऊन लागलं, मी ग्लुकोमीटर लावला तर शुगर ४२. डायबेटिसची गोळी घेतली होती आणि एकादशी म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. सलाईनमधून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत उठून बसून मलाच विचारतायत, बाळा जेवलास का? असं काम असतं हे. म्हणून तर सोडवत नाही.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी आणि ती थेट तुमच्या दाराशी येते. २०२१ साली संसदेने आमच्यासारख्या सगळ्यांसाठी कायदा केला, राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, पॅरामेडिक हे नाव आहे. मी ते वाचलं तेव्हा एवढं बरं वाटलं, चला सरकारदरबारी आपली जात कुठली ते तरी ठरलं. मग पुढचं वाचलं. त्या कायद्याने सांगितलंय की या क्षेत्रातला डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची पाहिजे आणि ती दोन ते चार वर्षांत पसरलेली पाहिजे.

माझा एक वर्षाचा आहे. फ्लेक्सवरचा पण एक वर्षाचा आहे. काही ठिकाणी सहा महिन्यांचे आहेत, तीन महिन्यांचे स्किलचे आहेत. मग साहेब, कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी हे कोर्स कुणाच्या परवानगीने विकले जातायत? आणि जे आधीच विकत घेऊन बसलेत त्यांचं काय? उद्या रजिस्ट्रेशन सक्तीचं झालं तर मी अँब्युलन्सवर बसायला पात्र की अपात्र? हे मी ईमेल करून विचारलं, दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन विचारलं. एका खिडकीवर मला सांगितलं "अजून वरून काही आलेलं नाही", दुसरीकडे सांगितलं "तुमच्या संस्थेला विचारा", संस्थेत गेलो तर ऑफिसमध्ये त्याच फ्लेक्सचं डिझाईन चालू होतं. मी कायद्याच्या विरोधात नाही. २००० तास पाहिजेतच, माझं म्हणणं आहे जास्तच पाहिजेत, वर सांगितलेलं सगळं वाचून तुम्हालाही पटलं असेल. पण नियम कडक करायचा आणि त्याच वेळी खालच्या दर्जाचं दुकान उघडं ठेवायचं, आणि मधल्यामध्ये पोरांच्या आयुष्याची दोन वर्षं आणि बापाचं कर्ज, याला काय म्हणायचं.

गंमत म्हणजे गाडीला मात्र पक्का नियम आहे. एआयएस-१२५ नावाचं स्टँडर्ड आहे, अँब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार टाईप, कुठल्या टाईपमध्ये आत काय काय पाहिजे सगळं लिहिलेलं. आरटीओ गाडी तपासतो. आत बसणाऱ्याला तपासायला मात्र आजवर कुणी आलेलं नाही.

पाचवी तक्रार नोकरीची. आपल्या राज्यात १०८ सुरू झाली २०१४ ला, तेव्हा ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाईफ सपोर्टच्या (जास्त गंभीर पेशंटसाठी) आणि ७०४ बेसिकच्या. आपण गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरवलं, बहुतेक ठिकाणी बीएएमएस. गुजरातसारख्या राज्यात त्याच १०८ वर ईएमटी असतो आणि लागेल तेव्हा फोनवर डॉक्टर. माझा एक बॅचमेट वलसाडकडे लागलाय, तो ट्रेनिंगला गेला तेव्हा म्हणाला आपण वर्षभर केलं काय रे, इथे पहिल्या आठवड्यातच त्यापेक्षा जास्त झालं. आता कुणी गैरसमज करून घेऊ नका, गाडीवर डॉक्टर असण्याला माझा विरोध नाही, उलट गावाकडच्या माणसाच्या दारात रात्री दोन वाजता डॉक्टर येतो ही चांगलीच गोष्ट आहे, आणि ते डॉक्टर किती राबतात ते मी बघतो. माझा मुद्दा वेगळा आहे. मागे माणूस एकच असतो. सीपीआर करणाऱ्याला दर दोन मिनिटांनी बदलायला पाहिजे, कारण दोन मिनिटांनंतर दाब कमी पडायला लागतो, तुम्ही कितीही पैलवान असा. मग बदलणार कोण? अंबू बॅग दाबणार कोण? शॉक मशीनचे पॅड लावणार कोण? पेशंटचा मुलगा? बरेचदा तोच असतो. दोन हात कमी पडतात एवढी साधी गोष्ट आहे, ते दुसरे दोन हात म्हणजे ईएमटी. पण तशी पोस्टच नसल्याने 'सरकारी अँब्युलन्सवर संधी' हे फ्लेक्सवरचं वाक्य निव्वळ थाप आहे आणि ते संस्थाचालकांना चांगलं माहीत आहे.

मग आम्ही जातो कुठे? खासगी हॉस्पिटलच्या गाडीवर, पोस्टचं नाव 'अटेंडंट', पगार माझा ९५००, बारा तास, महिन्याला दोन सुट्ट्या. आमच्या ४२ पैकी आज अँब्युलन्सवर सहा जण आहेत. बाकी कुणी मेडिकलच्या काउंटरला, कुणी फायनान्सच्या वसुलीला, दोघं पोलीस भरतीची तयारी करतायत. मुली बॅचला सात होत्या, या क्षेत्रात एकही उरली नाही. नाईटला बेसवर, म्हणजे गाडी उभी असते तिथे, वेगळा बाथरूम नाही, पत्र्याच्या शेडमध्ये एक खाट आणि त्या खाटेवर पायलट, अशा ठिकाणी कुणाची मुलगी थांबेल? आणि बरेच कॉल तर गरोदर बायकांचे असतात, तिथे बाई असती तर किती फरक पडला असता.

सहावी. आम्ही काय करायचं आणि काय नाही याचा लेखी कागद कुठेच नाही. कोर्समध्ये रबराच्या हातावर सुई लावायला शिकवलं. नोकरीत पहिल्या दिवशी सांगितलं, सुईला हात लावायचा नाही, केस होईल. आठ दिवसांनी त्याच माणसाने फोनवर ओरडून सांगितलं "लाव ना लवकर, बघत काय बसलास". चांगलं झालं तर हॉस्पिटलचं नाव, वाईट झालं तर 'अटेंडंटच्या निष्काळजीपणामुळे'. रस्त्यावर मदत करणाऱ्या साध्या माणसाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण मी ड्युटीवर असतो, पगार घेतो, म्हणजे मी तो वाटसरू पण नाही, आणि रजिस्टर्ड पण नाही. मी कोण?

बारीकसारीक पण सांगून टाकतो. हिपॅटायटीस बी चे तीन डोस मी स्वतःच्या पैशाने घेतले. इन्शुरन्स नाही. गाडी उलटली तर पेशंटला काहीतरी मिळेल, आम्हाला विचारायला येणारं कुणी नाही.

संस्थाचालकांशी दोन शब्द. सर, तुमच्यात काही जण प्रामाणिकपणे चालवतात हे मला माहीत आहे, तुमच्याबद्दल हे नाही. बाकीच्यांना एवढंच सांगतो की तुम्ही जे सर्टिफिकेट देता ते घेऊन पोरगं एक दिवस तुमच्याच आईच्या शेजारी बसणार आहे, चालत्या गाडीत. तेवढं लक्षात ठेवून पुतळ्याची स्प्रिंग तरी बदला.

आता मागण्या. पैशाची एकही मागणी सुरुवातीला ठेवलेली नाही.

१. राज्यात ईएमटीच्या शिक्षणाचा मालक कोण ते एका ओळीत जाहीर करा. तिघांपैकी कुठलंही एक खातं, एक अधिकारी, एक फोन नंबर जो उचलला जातो.

२. कुठला कोर्स मान्य आणि कुठला नाही याची जिल्हावार यादी ॲडमिशनच्या आधी वेबसाईटवर टाका आणि संस्थेच्या दारावर मराठीत लावायला लावा. २००० तासांत न बसणाऱ्या कोर्सची नवीन ॲडमिशन आजपासून बंद. 'जॉब गॅरंटी' लिहिणाऱ्याकडून मागच्या तीन बॅचची नोकरीची यादी मागवा, बस.

३. आमच्यासारखे जे आधीच करून बसलेत त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स. केलेले तास आणि नोकरीचा अनुभव धरा, उरलेले तास पूर्ण करून घ्या, परीक्षा घ्या, नापास झालो तर नापास करा. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत घ्या, नोकरी करत करता येईल असा.

४. प्रॅक्टिकलचे तास वेगळे मोजा. चालत्या अँब्युलन्सवर इतके, कॅज्युअल्टीत इतके, लेबर रूममध्ये इतके, आणि लॉगबुकवर सही करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. अभ्यासक्रमात साप, विंचू, फवारणी, भाजणं, बुडणं, वीज पडणं आणि ऑक्सिजनचं गणित पाहिजेच. बर्फ काढून टाकला तरी चालेल.

५. ॲडव्हान्सच्या गाड्यांपासून सुरुवात करून डॉक्टरच्या जोडीला एक प्रशिक्षित ईएमटी ठेवा. पोस्टचं नाव ईएमटी. अटेंडंट नाही. १०८ च्या डॉक्टरांना पण दरवर्षी गाडीतलंच रिफ्रेशर द्या, त्यांच्यापैकी अनेकांची तीच तक्रार आहे.

६. काय करायचं, काय नाही, कधी फोनवर डॉक्टरला विचारून करायचं, हे लेखी द्या. दोन पानं पुरतील.

७. लस, इन्शुरन्स, बेसवर बाथरूम. यावर जास्त लिहायची लाज वाटते.

शक्य आहे का हे सगळं? नाशिकचा सिंहस्थ २०२७ ला आहे. लाखो लोक येणार, घाटावर गर्दी, बुडणारे, चेंगरणारे, ऊन लागणारे, हार्टवाले. तेव्हा ऐनवेळी कॉलेजची पोरं गोळा करून, एक दिवसाचं शिबिर घेऊन, जॅकेट वाटून फोटो काढण्यापेक्षा आत्ता पाचशे पोरांची ब्रिज बॅच नीट तयार केली तर ती घाटावर कामाला येईल आणि नंतर समृद्धीवर, कसाऱ्यात, मेळघाटात, गडचिरोलीत, जिथे अजून माणूस खाटेवर घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावा लागतो, तिथे पण कामाला येईल. पहिल्या बॅचला मी नाव द्यायला तयार आहे, रजा बिनपगारी टाकीन.

माझ्या लॉगबुकचे फोटो, फीच्या पावत्या, तुमच्या ऑफिसांना केलेल्या ईमेलच्या प्रती सगळं माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा देईन.

आणि त्या मुलीचं. फ्लेक्सवर लिहिलंय प्रवेश या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. तिच्या वडिलांनी पतसंस्थेचा फॉर्म आणून ठेवलाय. मी तिला २५ पर्यंत थांब म्हणालोय. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मला कळतं, पण दुसऱ्या मागणीतली ती यादी, निदान आमच्या जिल्ह्यापुरती तरी, त्याआधी टाकता आली तर बघा.

आपला,
एक ईएमटी (कागदावर अटेंडंट)
सिंदखेड राजा तालुका, जि. बुलढाणा